256 करड्या छटांमधलं लेकरू

1957 साल. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल कर्श नावाचे अभियंते ‘सीॲक’ या अवाढव्य संगणकावर काम करत होते. संगणक तेव्हा आकडे घ्यायचे आणि आकडेच द्यायचे. या यंत्राला आपल्यासारखं बघता आलं तर काय होईल, असं कर्श यांच्या डोक्यात आलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक फिरतं नळकांडं बसवलेलं उपकरण तयार केलं. नळकांड्यावर फोटो गुंडाळायचा, ते फिरवायचं आणि फोटोच्या एकेका बिंदूवरून परतणारा प्रकाश मोजून संगणकाला कळवायचं, इथं उजेड, इथं अंधार. पहिला फोटो कोणता लावायचा? कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डेनचा फोटो लावला.

पाच सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद. 176 ओळी, दर ओळीत 176 ठिपके, एकूण 30,976. आज साध्या फोनचा फोटोसुद्धा एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. शिवाय त्या यंत्राला ‘उजेड’ आणि ‘अंधार’ यांच्या मधलं काही ओळखताच येत नव्हतं. मग कर्श यांनी तोच फोटो पुन्हा पुन्हा वाचून घेतला. दर वेळी उजेड कशाला म्हणायचं याची मर्यादा थोडी सरकवायची आणि सगळी वाचनं एकावर एक रचायची. त्या थरांमधून करडा रंग आला, आणि करड्या रंगातून गाल, हनुवटी, दोन डोळे. स्कॅन होऊन संगणकात शिरलेलं पहिलं छायाचित्र म्हणजे एका बापानं निवडलेला स्वतःच्या लेकराचा कृष्णधवल चेहरा. ‘लाइफ’ या अमेरिकी प्रकाशनाने 2003 मध्ये जग बदलणाऱ्या शंभर छायाचित्रांत त्याची गणना केली. (आणि हो, 11 जून 1997 रोजी फिलिप कान यांनी मोबाइल फोनला कॅमेरा जोडून जो फोटो दोन हजारांवर लोकांना तत्काळ पाठवला, तोही त्यांच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचाच होता. तंत्रज्ञानाला पुढे ढकलण्यात आईबापांच्या हौसेचा वाटा किती, यावर कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं.)

आज हे काम बोटाच्या एका टिचकीवर आलं आहे. फोनवर लेकराचा फोटो उघडायचा, ‘मोनो’ दाबायचं, रंग नाहीसे. बहुतेकांचा समज असा की कृष्णधवल फोटो म्हणजे रंगीत फोटोतून रंग वजा केला की उरतं ते. मला या प्रकरणात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की असं ‘उरतं ते’ काही नसतंच. प्रत्येक रंगाला उजेडाची किती किंमत द्यायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर फोन ठरवतो. आणि लेकराच्या चेहऱ्यावर तो निर्णय जितका दिसतो, तितका क्वचितच दुसरीकडे दिसतो.

आधी कॅमेऱ्याच्या पोटात डोकावू. कॅमेऱ्याचा सेन्सर रंगांधळा असतो. त्यावरचा प्रत्येक बिंदू फक्त प्रकाश मोजतो. तो लाल आहे की निळा, याची त्याला गंधवार्ता नसते. कोडॅकमधले ब्राइस बायर यांनी यावर शोधलेल्या तोडग्याला 1976 मध्ये पेटंट मिळालं. प्रत्येक बिंदूवर एकेक चिमुकली रंगीत काच बसवायची. निम्म्या काचा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या, जुन्या वाड्यातल्या रंगीत फरशीसारख्या ठरावीक नक्षीत मांडलेल्या. हिरव्या काचेखालच्या बिंदूला फक्त हिरवा उजेड कळतो. तिथं लाल आणि निळा किती होता, हे कॅमेरा शेजाऱ्यांना विचारून अंदाजानं भरतो. तुमच्या बाळाच्या रंगीत फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती अशी हिशेबानं भरलेली असते. मोजलेला असतो तो काळा-पांढरा उजेडच. या काचा काढून टाकलेला, फक्त कृष्णधवलच टिपणारा कॅमेरा लायका कंपनीनं 2012 मध्ये बाजारात आणला, आणि लोकांनी तो साध्या रंगीत कॅमेऱ्यापेक्षा जास्त पैसे मोजून घेतला.

आपले डोळेही काही फार वेगळे नाहीत. डोळ्याच्या पडद्यावर सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि जेमतेम 60 लाख शंकूपेशी असतात. रंग कळतो तो शंकूंना. दंडपेशींना फक्त उजेड कळतो, पण तो अगदी मंद असला तरी कळतो. तिन्हीसांजेला अंगणातल्या जास्वंदीची फुलं काळपट पडतात आणि पानं मात्र अजून दिसत राहतात, ते शंकू थकून दंडपेशींनी कारभार हाती घेतल्यामुळे. आणि तान्ह्या बाळाचं काय? पहिल्या काही आठवड्यांत त्याची रंगदृष्टी फार कच्ची असते. त्याला उठून दिसतात त्या उजेड-अंधाराच्या ठळक कडा. वीस-तीस सेंटिमीटरवर आलेल्या आईच्या चेहऱ्यातले केसांची रेघ, भुवया आणि डोळे, एवढंच त्याच्या हाती नीट लागतं. आपण त्याला रंगांशिवाय बघायची हौस करतो, त्याच्या कितीतरी आधी ते आपल्याला जवळजवळ तसंच बघत असतं.

आता किमतीचा मामला. समजा, लेकीनं लालभडक फ्रॉक घातला आहे आणि ती केळीच्या गर्द हिरव्या पानांपुढे उभी आहे. रंगीत फोटोत फ्रॉक नुसता पेटलेला. फोटोतल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे 0 ते 255 मधले तीन आकडे असतात. फ्रॉकचे धरू 200, 30, 30 आणि पानाचे 30, 115, 30. करडा रंग काढायचं एक जुनं, दूरदर्शन संचांच्या काळापासून चालत आलेलं सूत्र असं: लालचे 29.9 टक्के, हिरव्याचे 58.7 टक्के, निळ्याचे 11.4 टक्के. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद, म्हणून ही वाटणी. हिशेब करून पाहा. फ्रॉक येतो 81, पान येतं 80. म्हणजे मुलगी केळीच्या झाडात विरघळली! आता फक्त लाल आकडा घ्या, फ्रॉक 200, पान 30. मुलगी पांढऱ्या फ्रॉकात काळोख्या रानापुढे उभी. फक्त हिरवा घ्या, फ्रॉक 30, पान 115. आता काळ्या फ्रॉकातली मुलगी उजळ बागेत. क्षण तोच, मुलगी तीच, आणि तीन वेगवेगळे खरे फोटो. यातला कुठलाही एक ‘मूळ’ नाही.

हे निवडण्याचं स्वातंत्र्य अगदी सुरुवातीला नव्हतं. ज्यांच्यावर तेव्हा छायाचित्र उमटवायचे, त्या काचांवरचं चांदीच्या क्षारांचं लेपन फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखायचं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान फोगेल यांना 1873 मध्ये कळलं, की लेपात योग्य रंगद्रव्य मिसळलं की ते हिरव्यालाही दाद देतं. त्यातून ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा आणि फिल्मा आल्या. पण लाल रंग त्यांना काळोखच वाटायचा. म्हणूनच जुन्या अल्बममध्ये पणजीच्या कपाळावरचं कुंकू बुक्क्यासारखं काळं दिसतं आणि ओठ काळपट. आपल्या त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात लाल अंश सर्वांत जास्त असतो आणि तोच त्या फिल्मला दिसत नसे. त्यामुळे ती माणसंसुद्धा फोटोत होती त्यापेक्षा सावळी आणि खरबरीत उतरली आहेत. पणजी कशी दिसायची हे ठरवताना ही सूट तिला द्यायला हवी. बाळाच्या गालावरची काजळाची तीट आणि आईच्या कपाळावरचं लाल कुंकू, दोन्ही त्या फोटोंत एकाच काळ्या रंगाचे. लालसकट सगळे रंग ओळखणाऱ्या काचा 1906 पासून मिळू लागल्या, पण स्टुडिओंनी जुनी सवय पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. लाल न दिसणारी फिल्म लाल दिव्याखाली धुता येते, ही सोय कोण सोडेल?

दादासाहेब फाळक्यांचा काळ हा असाच, लाल न दिसणाऱ्या फिल्मचा. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांनी आपल्या मुलाला, भालचंद्रला, रोहिदास केलं आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनीला बाळकृष्ण. या दुसऱ्या चित्रपटाची सुरुवात मिळाली तर जरूर पाहा. गोष्ट सुरू होण्याआधी सात वर्षांची मंदाकिनी साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते; मग तीच हळूहळू कृष्णाच्या वेशात मिसळून जाते. गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ चालवून आलेल्या बापानं पोरीच्या चेहऱ्याचा केलेला हा अभ्यास आहे. मराठी माणसानं केलेलं, लेकराचं याहून जुनं आणि याहून जिवंत कृष्णधवल व्यक्तिचित्र मला तरी ठाऊक नाही.

आता चेहऱ्याच्या कातडीखाली जाऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. त्वचेला रंग देणारे मुख्य घटक दोन. मेलॅनिन, म्हणजे वरच्या थरातलं तपकिरी रंगद्रव्य, आणि खालच्या बारीक वाहिन्यांमधल्या रक्तातलं हिमोग्लोबिन. मेलॅनिन निळा प्रकाश फार शोषतं, हिरवा कमी, लाल त्याहून कमी. हिमोग्लोबिनचा स्वभाव जास्त टोकाचा. निळा-जांभळा ते गिळतं, हिरव्याचाही बराच भाग गिळतं आणि लालला जवळपास मोकळं सोडतं. म्हणून रक्त लाल.

याचा फोटोवर परिणाम बघायचा असेल, तर लेकराच्या एकाच फोटोतला लाल, हिरवा आणि निळा भाग वेगवेगळा काढून बघा. संगणकावर गिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे सहज होतं. लालमधला चेहरा गुळगुळीत, उजळ, आतून दिवा लावल्यासारखा. डासानं चावलेला तांबडा फोड यात गायब होतो, कारण फोड लाल आणि आजूबाजूची त्वचाही लालमध्ये उजळच. ओठ मात्र फिके पडतात आणि चेहरा थोडा मेणाचा वाटू लागतो. निळ्यात नेमकं उलटं. घामोळं, ओरखडे, सर्दीनं लाल झालेलं नाक, सगळं काळ्या ठिपक्यांनी ओरडून सांगतं. बाळ अचानक पोक्त दिसू लागतं. निळं म्हणजे साधारण पणजीच्या काळातली फिल्म. आणि हिरवं मधलं. त्यात गालांची लाली किंचित गडद दिसते, ओठांना आकार असतो, नाकाच्या बाजूची सावली शाबूत राहते.

हिरव्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यातलं रक्त किंचित वाढतं आणि ओसरतं, आणि हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश गिळत असल्यामुळे चेहऱ्याचा हिरवा उजेडही त्या तालात कमीजास्त होतो. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात साध्या कॅमेऱ्यानं, खोलीतल्या नेहमीच्या उजेडात काढलेल्या व्हिडिओवरून माणसाची नाडी मोजून दाखवली गेली. सर्वांत ठळक ठोके हिरव्या भागात सापडले. पुढे 2012 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी हे सूक्ष्म बदल मोठे करून दाखवणारी पद्धत मांडली, आणि पडद्यावर माणसाचा चेहरा ठोक्यागणिक लाल आणि फिका होताना दिसू लागला. नवजात बाळाचं हृदय मिनिटाला साधारण 120 ते 160 वेळा धडधडतं. बर्स्टवर ठेवून तुम्ही त्याचे दहा फोटो धडाधड काढता, तेव्हा त्या दहांतला गाल दहाही वेळा एकाच उजेडाचा नसतो.

तर संस्करणाच्या वेळी पहिला नियम: फोटो कॅमेऱ्यातच कृष्णधवल करून साठवू नका. तसं केलंत की तीन आकड्यांचा एक होतो आणि उरलेले दोन परत मिळत नाहीत. फोनमध्ये ‘रॉ’ची सोय असेल तर ती चालू करा. साध्या जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 12 बिटांच्या रॉमध्ये 4,096. बाळामागच्या भिंतीवर उजेड हळूहळू मावळत जातो, तिथं कमी पायऱ्या असल्या की पट्टे पडतात, जास्त असल्या की भिंत भिंतच राहते. मग लाइटरूममध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडून त्यातलं ‘मिक्स’ उघडा. तिथं आठ रंगांच्या आठ सरकपट्ट्या मिळतील. मोफत हवं असेल तर स्नॅपसीडमध्ये कृष्णधवल करताना लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी किंवा निळी काच निवडता येते. जुने छायाचित्रकार भिंगापुढे खरोखरच्या काचा लावून हेच करायचे, फक्त त्यांना ते आधीच ठरवावं लागे.

या आठांपैकी लेकराच्या चेहऱ्यावर राज्य चालतं नारिंगी पट्टीचं. चित्रपटांचं रंगसंस्करण करणाऱ्यांच्या एका मोजयंत्रावर त्वचेसाठी एकच रेषा आखलेली असते. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, जगातली बहुतेक सगळी त्वचा त्या एका रेषेच्या आसपास पडते, कारण सगळ्यांच्या त्वचेत तेच मेलॅनिन आणि तेच रक्त. रंगछटा साधारण एकच, नारिंगीकडची. फरक फक्त गडदपणाचा. त्यामुळे नारिंगी वर सरकवली की कुठलंही मूल उजळतं, खाली नेली की कुठलंही मूल झाकोळतं.

आणि इथं आपल्या घरांत एक घोळ होतो. मी पाहिलेल्या बहुतेक कृष्णधवल बाळफोटोंत नारिंगी पट्टी बेधडक वर नेलेली असते. सावळं मूल मैद्याचं करून टाकलेलं. विवाहाच्या जाहिरातीतला ‘गोरा’ हा शब्द आपण पाळण्यातल्या फोटोपर्यंत आणला आहे, आणि छायाचित्र म्हणूनही ते वाईट दिसतं. त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. त्वचेवर पडलेल्या प्रकाशातला सुमारे चार-पाच टक्के भाग आत न शिरता पृष्ठभागावरूनच थेट परततो. हा भाग गोऱ्या आणि काळ्या त्वचेला जवळपास सारखाच. कपाळावरची, नाकाच्या शेंड्यावरची, गालाच्या उंचवट्यावरची चमक म्हणजे तो. गोऱ्या चेहऱ्यावर ही चमक आजूबाजूच्या उजळपणात हरवते; सावळ्या चेहऱ्यावर ती झळकते आणि चेहऱ्याची घडण घडीव मूर्तीसारखी उभी करते. कृष्णधवल माध्यमात सावळा चेहरा हा लाभ आहे. तो पुसून टाकण्यासाठी मेहनत घेणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा.

अर्थात, चांगला उजेड मुळात नसेल तर पट्ट्या सरकवून काही हाती लागत नाही. उजेडाबद्दल सांगायचं तर आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाशच मोठं छत्र धरून बसलेलं असतं. ढगाळ दिवशी उंबऱ्याच्या आत, दारापासून हातभर अंतरावर बसवलेलं मूल ही जगातल्या कुठल्याही स्टुडिओच्या तोडीची जागा आहे. उन्हाळ्यात मात्र दुपारचं ऊन टाळा. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. खिडकी लहान असेल तर एक ध्यानात ठेवा. एक मीटरवर जितका उजेड मिळतो, त्याचा जवळजवळ चौथा हिस्साच दोन मीटरवर उरतो. म्हणून लेकराला खिडकीजवळ घ्या आणि मागची भिंत लांब ठेवा; चेहरा उजळ आणि भिंत आपोआप काळोखात जाईल, पडदे लावायची गरज नाही. अंधाऱ्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर धरून उभं राहिलं, की सावलीतला गालही जागा होतो.

डोळ्यांत खिडकीचं चिमुकलं प्रतिबिंब हवंच. ते नसलं तर चेहरा झोपलेला वाटतो. लहान मुलांच्या डोळ्यांत ते इतकं मोठं का वाटतं? नवजात बाळाचा कॉर्निया, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, सुमारे 10 मिलिमीटर रुंद असतो आणि मोठ्या माणसाचा जेमतेम 12. चेहरा पुढे कितीतरी वाढतो, डोळ्याची ही खिडकी जवळपास जन्मताच पूर्ण उंचीची असते.

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा, म्हणजे जमिनीवर बसा. शटर 1/250 सेकंद किंवा त्याहून वेगवान. फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. फोनचं ‘पोर्ट्रेट’ बटण तान्ह्या बाळासाठी शक्यतो नको. पार्श्वभूमी धूसर करताना ते बाळाचं जावळ कात्रीनं कापल्यासारखं कापतं, आणि काळ्या पार्श्वभूमीवर मागून उजेड आलेलं जावळ हे तर या सगळ्या खटाटोपाचं बक्षीस आहे. एक सापळा तेवढा ओळखून ठेवा. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मिळून मध्यम करडं आहे असं धरून चालतो. बाळ पांढऱ्या दुपट्यात असलं की तो दुपटं करडं करायला बघतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा.

फोनवर चेहऱ्याभोवती जो चौकोन उमटतो, त्याचं मूळही कृष्णधवल आहे. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी 2001 मध्ये मांडलेली चेहरा शोधण्याची पद्धत रंगांकडे बघतच नव्हती. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद आणि नाकाचा दांडा डोळ्यांपेक्षा उजळ, अशा साध्या तुलनांवरून ती चेहरा ओळखायची. आपला मेंदूही उजेडाच्या या चढउतारांवर फार विसंबतो. ओळखीच्याच माणसाची निगेटिव्ह बघितली, तर आकार तोच असूनही माणूस चटकन ओळखू येत नाही. तेव्हा संस्करणात ही घडी मोडू नका. डोळ्यांभोवतीची नैसर्गिक सावली ‘थकवा’ समजून पुसली, की लेकराचा चेहरा लेकराचा राहत नाही. डोळ्यांचे पांढरे भाग चुन्यासारखे पांढरे करणारे फोटो तर भुताचे वाटतात.

छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचे शून्य ते दहा असे अकरा टप्पे पाडले. पाचवा टप्पा मध्यम करडा. उजेडातली गोरी त्वचा सहाव्यावर, सावळी पाचव्याच्या आसपास. आपल्याकडची बहुतेक मुलं या दोहोंच्या दरम्यान बसतात. चेहरा तिथं बसला की बाकीचं ठरवा. केसांत कुठेतरी खरा काळा हवा, डोळ्यातल्या चमकेत खरा पांढरा. मग लागतं ते जुन्या डार्करूममधलं कसब. एन्लार्जरखाली हात धरून कागदाच्या एखाद्या भागावर उजेड कमी पडू द्यायचा म्हणजे तो भाग उजळ राहतो, हे डॉजिंग. दुसरीकडे जास्त पडू द्यायचा म्हणजे तो गडद होतो, हे बर्निंग. आता हात धरायला नको, बोटानं मास्क रंगवला की झालं. पण प्रमाण तेच ठेवा. चेहरा किंचित उजळ, कोपरे किंचित गडद, आणि बघणाऱ्याला काही केल्याचं कळता कामा नये.

याचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे युजीन स्मिथ यांचा ‘द वॉक टू पॅराडाइज गार्डन’. हे युद्धछायाचित्रकार 1945 मध्ये ओकिनावाला तोफगोळ्यानं जबर जखमी झाले. 1946 मध्ये पुन्हा कॅमेरा उचलला, तेव्हा त्यांनी टिपली आपली दोन लहान मुलं, झाडांच्या काळोखातून उजेडाकडे चाललेली, आपल्याकडे पाठ करून. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरलेल्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनाचा शेवट याच चित्रानं झाला. एकाही मुलाचा चेहरा दिसत नाही, तरी ते बापानं काढलेलं व्यक्तिचित्र आहे यात शंका नाही. लेकराचे फोटो चारचौघांत टाकायचे असतील तर हा पाठमोरा मार्ग मी सुचवेन. सॅली मॅन यांनी आपल्या तीन मुलांचे कृष्णधवल फोटो 1992 मध्ये पुस्तकरूपानं छापले, तेव्हा त्या कलेची वाहवा झाली आणि मुलांच्या खाजगीपणावरून वादळही उठलं. ते वादळ एका पुस्तकाभोवती होतं; आता प्रत्येक फोनमध्ये छापखाना आहे. निदान फोटोत दडलेलं ठिकाण काढून टाकायची खबरदारी तरी घ्या.

शेवटी टिकण्याबद्दल. चांदीच्या फिल्मवर मूल उमटतं कसं, हे वाचून मी थक्क झालो होतो. सिल्व्हर ब्रोमाइडच्या एका सूक्ष्म स्फटिकावर प्रकाशामुळे चांदीचे चारएक अणू एकत्र आले, तरी पुढे डेव्हलपरमध्ये तो अख्खा स्फटिक काळी चांदी होतो. फिल्मची ही संवेदनशीलता वाढवणारं गूढ द्रव्य कुठलं, याचा शोध कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी 1925 च्या सुमारास लावला. फिल्मवरचं जिलेटिन गुरांच्या कातड्या-हाडांपासून बनायचं, आणि गुरांच्या चाऱ्यातल्या मोहरीसारख्या वनस्पतींमधलं गंधक त्यात उतरलेलं असायचं. म्हणजे आजोबांच्या बारशाच्या फोटोत थोडी मोहरीही आहे. ही चांदी नीट धुतली असेल तर शतकभर टिकते. म्हणून घरात 1950 चा कृष्णधवल फोटो खणखणीत असतो आणि 1975 चा रंगीत फोटो लालसर-पिवळा पडलेला; त्यात चांदी उरत नाही, रंगद्रव्यं असतात आणि ती उडतात. फोनमधल्या फोटोचं आयुष्य तर फोन हरवेपर्यंत किंवा पासवर्ड विसरेपर्यंत.

तेव्हा वर्षातून एक तरी फोटो कागदावर छापून घ्या. पिग्मेंट शाईचा, आम्लमुक्त कागदावरचा छाप मागा. साध्या छापापेक्षा तो महाग पडतो, पण टिकतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लेकराचं नाव, तारीख आणि गाव लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब आणि शाई पुढच्या बाजूला उमटते.